आईच्या उजव्या हातासाठी आरटीएमएस उपचार : १५ बैठकांनंतरचा अभिप्राय

अर्धांगवायूचा झटका येऊन सात महिने झाले, तेव्हा माझ्या आईचा उजवा खांदा आणि कोपर बऱ्यापैकी हलू लागले होते. बोटे मात्र मुठीत आखडलेली राहत आणि पोळीचा तुकडा मोडणेही तिला जमत नसे. न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यावरून आम्ही पुण्यातील एका खासगी पुनर्वसन केंद्रात तीन आठवडे चुंबकीय मेंदू-उत्तेजनाचा, म्हणजेच आरटीएमएसचा, उपचार घेतला.

या उपचारात शस्त्रक्रिया नाही आणि भूलही द्यावी लागत नाही. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल डोक्याला टेकवून धरतात. तिच्यातून क्षणमात्र वाहणाऱ्या तीव्र प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि कवटीखाली, मेंदूच्या पृष्ठभागात, सूक्ष्म विद्युतप्रवाह उमटतो. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथम करून दाखवले. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते आणि उजवी बाजू डावा. आईच्या बाबतीत कॉइल मेंदूच्या इजा झालेल्या डाव्या बाजूवर न ठेवता निरोगी उजव्या बाजूवर ठेवली गेली : दर सेकंदाला एक ठोका, २० मिनिटांत १,२०० ठोके. झटक्यानंतर मेंदूचा निरोगी अर्धा भाग दुखावलेल्या भागाला दाबून ठेवतो, तेव्हा त्याला थोडे शांत केले तर दुसऱ्याला वाव मिळेल, असा यामागचा तर्क आहे. पहिल्या दिवशी तीव्रता ठरवण्यासाठी सुटे ठोके देऊन अंगठा उडतो का ते पाहतात. उडाला तो अर्थातच डावा, धडधाकट अंगठा, आणि ‘दुखणं उजवीकडं, मग औषध डावीकडं का?’ हा आईचा प्रश्न मला तरी रास्त वाटला. तंत्रज्ञ मुलीने ‘काकू, सांगते’ म्हणत कागदावर चित्र काढून तो समजावून दिला.

यंत्राच्या बाजूने केंद्राचे काम चोख होते. पेसमेकर, डोक्यातील धातूची क्लिप, कानातील इम्प्लांट, पूर्वी कधी फिट आली होती का, हे सर्व विचारल्याशिवाय त्यांनी कॉइलला हात लावला नाही. ठोक्यांचा टकटक आवाज बराच मोठा असतो, म्हणून रोज कानात बोळे दिले. एकदोनदा डोके जड झाले, याखेरीज आईला त्रास झाला नाही.

माझी तक्रार यंत्रानंतरच्या वेळेबद्दल आहे. उत्तेजनाचा परिणाम काही मिनिटांपासून तासाभरापर्यंतच टिकतो आणि त्या अवधीत हाताचा व्यायाम व्हावा, हेच या उपचाराचे मर्म आहे. परंतु १५ पैकी सहा दिवस हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट दुसऱ्या रुग्णात अडकलेल्या असल्याने आई बाहेरच्या बाकावर ४० मिनिटे बसून राहिली. प्रतिबैठक २,००० रुपये आम्ही आगाऊ भरले होते, आणि केंद्राच्या माहितीपत्रकात यंत्राचे मोठे छायाचित्र आहे, व्यायामाबद्दल केवळ एक ओळ.

हे प्रमाण उलटे असायला हवे. २०२० च्या युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात हातासाठी नेमक्या याच पद्धतीला सर्वांत वरची श्रेणी दिली आहे, हे खरे. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘निश’ या अमेरिकी चाचणीत, झटक्याला तीन ते बारा महिने झालेल्या १९९ रुग्णांपैकी, खरे उत्तेजन मिळालेल्यांपैकी ६७ टक्के आणि खोटी कॉइल लावलेल्यांपैकी ६५ टक्के लक्षणीय सुधारले. दोन्ही गटांना हाताचा व्यायाम सारखाच मिळाला होता. आई याच सात महिन्यांच्या टप्प्यावर होती, त्यामुळे मला हा आकडा माहितीपत्रकातील कोणत्याही वाक्यापेक्षा जवळचा वाटतो.

आईच्या हातात फरक पडला आहे. लाकडी ठोकळे एका खणातून दुसऱ्या खणात टाकण्याच्या एका मिनिटाच्या चाचणीत ती ९ वरून १४ वर आली. पोळीचा तुकडा आता मोडतो, साडीच्या निऱ्या अजून जमत नाहीत. यात कॉइलचा वाटा किती आणि त्या थेरपिस्ट बाईंच्या चिकाटीचा किती, हे वेगळे काढता येत नाही, मात्र माझा कल बाईंच्या चिकाटीकडे आहे. दुसरे पॅकेज आम्ही घेतले नाही. त्याच थेरपिस्टकडे फक्त व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा जातो आणि सकाळी साडेआठची पहिली वेळ मागून घेतली आहे, कारण त्या वेळी त्यांच्यापुढे दुसरा रुग्ण नसतो.