सेइको ६१३९-६००२ ‘पोग’: घ्यावं, पण डायल पाहून नव्हे

१९६९ मध्ये ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे मनगटाच्या हालचालीवर चालणारी स्टॉपवॉचवाली घड्याळं, तिघांनी आणली: झेनिथ, ह्यूअर-ब्राइटलिंगचा गट आणि सेइको. पहिला मान कुणाचा, यावर संग्राहक अजून भांडतात. खिशाला परवडणारं त्यातलं एकच, सेइकोचं ६१३९. पिवळी डायल आणि निळी-लाल बेझल (डायलभोवतीची कडी) असलेलं मॉडेल अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३-७४ च्या स्कायलॅब ४ मोहिमेत नासाची मंजुरी नसताना मनगटावर नेलं, म्हणून हे टोपणनाव. भावही त्या नावामुळेच चढलाय. त्याच मशीनची निळ्या डायलची घड्याळं तितकीच चांगली.

मशीन उत्तम आहे. कॉलम व्हील (क्रोनोग्राफ चालू-बंद करणारं खाचांचं चाक), उभा क्लच (क्रोनोग्राफ मशीनला जोडणारा आणि सोडवणारा भाग), ताशी २१,६०० ठोके. बाजूची चावी फिरवून स्प्रिंग भरता येत नाही, घड्याळ हलवूनच चालू करायचं. वेगळा सेकंद काटा नाही, त्यामुळे बरेच जण क्रोनोग्राफ कायम चालू ठेवतात. उभ्या क्लचमुळे त्याने फारसं बिघडत नाही.

खरी गोम या क्लचमध्येच आहे. क्रोनोग्राफ बंद असताना मधलं चाक फिरत राहतं आणि काट्याचा दांडा स्थिर असतो. आतलं तेल सुकलं की तिथे घर्षण वाढतं. म्हणून घड्याळ एक दिवस क्रोनोग्राफ चालू ठेवून तपासा, एक दिवस बंद ठेवून. बंद असताना ते मागे पडलं किंवा थांबलं, तर दोष बहुधा तिथलाच. सर्व्हिसिंगला देताना कारागिराला बजावा की मधलं क्रोनोग्राफ चाक इतर भागांबरोबर सफाईच्या द्रावणात बुडवू नका. आतलं तेल धुऊन जातं आणि परत घालणं फार किचकट.

मग ४ च्या आकड्याजवळचं बटण दाबून क्रोनोग्राफचा काटा शून्यावर आणा, पाच-सहा वेळा. दर वेळी सारखाच चुकत असेल तर काटा काढून नीट बसवला की झालं. दर वेळी वेगळीकडे थांबत असेल तर काटा सैल आहे किंवा आत झीज आहे. भाव पाडा, नाहीतर सोडा. तारखेसाठी चावी अर्धी दाबायची, वारासाठी पूर्ण. रात्री ९ ते १ या वेळेत मात्र दाबू नका, चाकांचे दात जातात. चावी न ओढता फिरवली की आतली मिनिटांची रिंग फिरायला हवी. बऱ्याच घड्याळांत ती अडकलेली असते.

डायलबाबत संशयानेच पाहावं. अस्सल पिवळ्या डायलवर प्रकाशाचे किरण मध्यापासून पसरतात. नव्याने रंगवलेली सपाट दिसते, छपाई जाड असते. आपल्याकडच्या ‘मुंबई स्पेशल’, म्हणजे डायल रंगवून आणि भाग जुळवून विकलेल्या, सेइको जगभर बदनाम आहेत, तीच कला इथेही चालते. मागच्या झाकणावरच्या सिरीयलचा पहिला अंक वर्षाचा, दुसरा महिन्याचा. सुरुवातीच्या घड्याळांवर ‘वॉटर ७० मी. प्रूफ’, नंतरच्यांवर ‘रेझिस्ट’. डायलवर एक आणि झाकणावर दुसरं असेल, तर दोन घड्याळांचे भाग जुळवलेले असण्याची शक्यता मोठी. आणि छापलेले ७० मीटर आता विसरा. पाणी अडवणारी रबरी गॅस्केट पन्नास वर्षांची आहेत, पावसाळ्यात घड्याळ कपाटातच ठेवा.