एक्सेल मॅक्रोमधलं ‘इन्सर्ट’: उपयोगी, पण बेभरवशाचं

एक्सेलमध्ये उजव्या क्लिकच्या मेनूत ‘इन्सर्ट कॉपीड सेल्स’ हा वेगळा पर्याय दिसतो. व्हीबीएमध्ये (मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणारा कोड, ज्या भाषेत लिहितात ती) मात्र त्यासाठी वेगळी आज्ञाच नाही. मॅक्रो रेकॉर्ड केला तर उमटतं साधं रेंज.इन्सर्ट, आणि कोऱ्या ओळी घालायलाही तेच वापरायचं. त्यातून काय निघेल हे क्लिपबोर्ड (कॉपी किंवा कट केलेलं तात्पुरतं राहतं ती जागा) ठरवतो: कॉपी चालू असेल तर कॉपी केलेले सेल, कट असेल तर मूळ जागेवरून उचललेले सेल, यातलं काहीच नसेल तर कोरे. म्हणजे कोडची तीच ओळ कधी काय करेल, हे नुसती ती वाचून कळत नाही.

कोऱ्या ओळी हव्या असतील तर आधी अ‍ॅप्लिकेशन.कटकॉपीमोड = फॉल्स लिहावंच; त्याने चालू असलेलं कॉपी किंवा कट रद्द होतं. उलट, कॉपी केलेलं घालायचं असेल तर कॉपी आणि इन्सर्ट या दोन ओळींच्या मध्ये दुसरं काही नको. मध्येच एखाद्या सेलमध्ये आकडा लिहिला तर कॉपी मोड सुटू शकतो. मग एररही येत नाही, गुपचूप कोऱ्या ओळी पडतात. एरर आली असती तर बरं, असं वाटायला लावणारी ही खोड.

इन्सर्टला शिफ्ट (आधीचे सेल कोणत्या दिशेला सरकवायचे ते) दिलं नाही तर रेंजचा आकार बघून एक्सेल स्वतःच दिशा ठरवतं. त्यामुळे एक्सएलशिफ्टडाउन (खाली) किंवा एक्सएलशिफ्टटूराइट (उजवीकडे) स्पष्ट लिहावं. ए२ ते सी४ कॉपी करून ए१० वर खाली सरकवत घातलं, तर तीनच कॉलम खाली जातात. डी जागेवरच राहतो आणि त्यात रक्कम असेल तर नावासमोर भलत्याचीच रक्कम येते. पूर्ण नोंद हलवायची तर एन्टायररो (पूर्ण ओळ) घ्यावं.

आणखी एक गोम: रेंजचा व्हेरिएबल ए५ वर सेट करून तिथे एक सेल खाली सरकवत घातला, की व्हेरिएबल ए६ दाखवतो. नवा सेल ऑफसेट(-१) वर, म्हणजे त्याच्या एक ओळ वर, सापडतो. ओळी घालत जाणारा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) शेवटून वर, स्टेप -१ ने चालवावा, नाहीतर नुकत्याच घातलेल्या ओळींवरच तो पुन्हा फिरतो.

मर्ज केलेले (एकत्र जोडलेले) सेल अर्धवट वाटेत आले, किंवा शीटच्या तळाच्या १०,४८,५७६व्या ओळीत काही भरलेलं असलं, तर १००४ क्रमांकाची एरर ठरलेली. फक्त किंमती घालण्याची सोयही नाही; सूत्रं, रंग, कंडिशनल फॉरमॅटिंग (अटीनुसार बदलणारं रूप) सगळं सोबत येतं, आणि फॉरमॅटिंगचे नियम तुकड्यातुकड्यांनी वाढत जाऊन फाइल जड होते. मॅक्रो चालल्यावर अनडू नाही, तेव्हा आधी प्रत ठेवावी.

कटसोबत मात्र ही आज्ञा छान चालते. दहावी ओळ कट करून तिसरीवर इन्सर्ट केली तर मूळ जागेची फट बुजते आणि त्या ओळीकडे बोट दाखवणारी सूत्रंही मागोमाग येतात. तिसरी ओळ दहावीवर नेली तर ती नवव्या क्रमांकावर बसते, तेवढं ध्यानात ठेवायचं.

लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्याच प्रोग्रॅममध्ये हा गोंधळ नाही. तिथे इन्सर्टसेल्सने जागा करायची, मग कॉपीरेंजने भरायची. क्लिपबोर्ड मध्ये येतच नाही. फक्त स्रोत घालण्याच्या जागेखाली असेल तर त्याचा पत्ता जागा केल्यावर पुन्हा घ्यावा, कारण आधी घेतलेला पत्ता आपोआप सरकत नाही.

एक्सेलमध्येही रोजच्या कामाला हीच पद्धत बरी: कटकॉपीमोड बंद, कोऱ्या ओळी, मग कॉपीला डेस्टिनेशन (कुठे भरायचं तो पत्ता) देऊन भरणं. नुसत्या किंमती हव्या असतील तर डेस्टिनेशनऐवजी .व्हॅल्यू = .व्हॅल्यू. एखादी ओळ जास्त लागते, पण क्लिपबोर्डवर काय आहे याची फिकीर उरत नाही.