कोनफळ उत्तम, कॅप्सूल मात्र फळीवरच राहू द्यावी

ठाण्यातील कोकणी मालाच्या एका दुकानात थंडी सुरू झाली की कोनफळ, कणगी आणि करांदे शेजारीशेजारी मांडलेले दिसतात, आणि कंदांसाठी या दुकानाची शिफारस मी निःशंकपणे करीन. कोनफळ मागितल्यावर दुकानातील काकांनी कंदाचे टोक कापून आतला जांभळा गर दाखवला. तो घट्ट होता, कापल्या जागी चिकट रस सुटत होता आणि रेषा जवळपास नव्हत्या. सोलताना हाताला खाज येते, म्हणून आधी तेल चोळावे, हेही त्यांनी आपणहून सांगितले. जिरे, हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट घालून केलेल्या उपवासाच्या भाजीत फोडी मऊ शिजूनही मोडल्या नाहीत, आणि आमसूल पडताच जांभळा रंग लालसर झाला. कणगी नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून खाव्यात. करांदे कडसर असतात. ज्यांना ती चव ठाऊक आहे त्यांनीच ते घ्यावेत. कंद न धुता विकतात, त्यामुळे ते टिकतात हे खरे, पण मातीही कंदाच्याच भावाने तोलली जाते.

खरी तक्रार गल्ल्याजवळच्या ‘वाइल्ड याम’ म्हणजे जंगली कंदाच्या कॅप्सूलबद्दल आहे. रजोनिवृत्तीच्या त्रासावर ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ (स्त्रियांच्या शरीरातील एक संप्रेरक) असे डबीवर छापले आहे. या दाव्याला इतिहासाचा आधार आहे, पण तो अर्धाच. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी १९४० च्या दशकात मेक्सिकोतील जंगली कंदांमधल्या डायोस्जेनिन या रसायनापासून प्रोजेस्टेरॉन तयार केले, १९४४ मध्ये तिथे सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली, आणि १९५१ मध्ये त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये पुढे वापरले गेलेले नॉरएथिस्टेरॉन बनले. मात्र हे रूपांतर प्रयोगशाळेतील रासायनिक प्रक्रियांनी होते. ते घडवून आणणारी विकरे (एन्झाइम) माणसाच्या शरीरात नाहीत. कॅप्सूल गिळल्यावर डायोस्जेनिन हे डायोस्जेनिनच राहते, आणि डबीवरील मजकूर नेमके हेच सांगत नाही. असा त्रास असणाऱ्या बाईने त्या पैशांत स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे केव्हाही शहाणपणाचे. दुकानदारांना याबद्दल विचारले असता, “गिऱ्हाईक मागतं, म्हणून ठेवतो,” एवढेच उत्तर मिळाले. कोनफळासाठी मी तिथे पुन्हा जाईन. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावे, कारण दुपारपर्यंत टोपलीत लहान आणि कापलेले तुकडेच उरतात.