माणसांचे फोटो स्टॉक साइटवर पाठवताना: व्यावसायिक की संपादकीय?

किमान चार मेगापिक्सेलचा फोटो, पाच ते साठ सेकंदांची क्लिप, नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) नको, फोकस नेमका हवा, या अटी स्टॉक साइटवर, म्हणजे फोटो-व्हिडिओंच्या वापराचे परवाने विकणाऱ्या संकेतस्थळावर, काम पाठवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. खरा पेच त्यानंतर येतो. चौकटीत ओळखू येणारा चेहरा असेल, तर मॉडेल रिलीज, म्हणजे त्या व्यक्तीने सही केलेले संमतिपत्र, जोडून फोटो व्यावसायिक वापरासाठी पाठवावा, की रिलीजशिवाय संपादकीय म्हणून? मी चार वर्षे दोन्ही वाटांनी काम पाठवले आहे आणि माझा कल आता बराचसा ठरला आहे. तरीही तुमचे विषय वेगळे असतील, तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो, हे आधीच सांगतो.

व्यावसायिक वाटेचे आकर्षण उघड आहे. असा फोटो जाहिरातीत, वेष्टनावर, माहितीपत्रकात कुठेही वापरता येतो. संपादकीय फोटो मात्र बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांपुरता मर्यादित राहतो, जाहिरातीत वापरता येत नाही. शिवाय अडोबी स्टॉक या साइटवर संपादकीय विभागात प्रामुख्याने ब्रँड आणि उत्पादने दाखवणारी चित्रे घेतली जातात, त्यामुळे बाजारहाट करणाऱ्या माणसांच्या फोटोंसाठी तिथली ही वाट अरुंदच आहे. घरचीच माणसे मॉडेल म्हणून उभी राहणार असतील, तर मला वाटते, फार विचार करू नये. रिलीज घ्यावे आणि व्यावसायिकच पाठवावे.

माझे विषय मात्र घराबाहेरचे आहेत, आणि माझे मत एका सहीने बदलले. ८ सप्टेंबर २०२३ रोजी, शुक्रवारच्या आठवडी बाजारात, सुक्या मिरच्या विकणाऱ्या एका आजींचा फोटो मी काढला. मागून येणारे ऊन, मिरच्यांवर तोललेला तराजू, चेहऱ्यावर अर्धी सावली. असा फोटो वर्षातून एखादाच हाती लागतो. रिलीजचा फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून त्यातले प्रत्येक कलम मी त्यांना मराठीत समजावून सांगितले. जन्मतारखेपाशी त्या अडल्या, तेव्हा शेजारच्या लसूणवाल्याने त्यांच्या पिशवीतले आधार कार्ड काढून दिले. मिरचीचा हात पदराला पुसून त्यांनी एकेक अक्षर जोडत सही केली आणि साक्षीदार म्हणून लसूणवाल्यानेही केली. तारखेच्या रकान्यात मी आपल्या सवयीने ०८/०९/२०२३ असे लिहिले. तपासणाऱ्याने ती अमेरिकी पद्धतीने, ९ ऑगस्ट अशी वाचली असावी. फोटोच्या महिनाभर आधी सही झालेली दिसते, या कारणाने रिलीज नाकारले गेले आणि त्यासोबत फोटोही. पुढच्या शुक्रवारी नवा फॉर्म घेऊन गेलो, तर आजी लेकीकडे मुंबईला गेल्याचे कळले. त्यानंतर तीन बाजार मी त्यांची वाट पाहिली.

फोटोत दोष असेल, तर तो मूळ फाइलवर पुन्हा काम करून काढता येतो. रिलीजमधला दोष काढायला मात्र त्या माणसापर्यंत परत जावे लागते, आणि बाजारातला, घाटातला, फलाटावरचा माणूस दुसऱ्यांदा भेटेलच असे नाही. ज्याने एकदा विश्वासाने सही दिली, त्याला पुन्हा त्रास देणेही मला प्रशस्त वाटत नाही.

संपादकीय वाटेवरही फोटो नाकारले जातात, पण तिथली कारणे आपल्या आवाक्यातली असतात. शटरस्टॉक या साइटला कॅप्शन ठरलेल्या साच्यात लागते: आधी शहर आणि देश, मग महिना, दिवस, वर्ष, मग कोलन आणि त्यानंतर नेमके वर्णन. ‘पंढरपूर, इंडिया – जुलै १७, २०२४:’ असे इंग्रजीत लिहून पुढे चंद्रभागेत कोण काय करत आहे, ते अलंकार न लावता सांगायचे. माझे काही फोटो याच साच्यात चुकल्यामुळे परत आले, पण रात्री जेवणानंतर कॅप्शन दुरुस्त करून पुन्हा पाठवता आले. आजींचा फोटोही शेवटी याच वाटेने स्वीकारला गेला. एक बंधन मात्र पाळावेच लागते: प्रकाश, रंग, क्रॉप एवढेच करायचे, नको असलेली विजेची तार किंवा फलक पुसायचा नाही. निसर्गचित्रांत सफाई करण्याची सवय असलेल्यांना हे जड जाते.

व्हिडिओच्या बाबतीत पारडे संपादकीयकडे आणखी झुकते. दिवे घाटात वीस सेकंद कॅमेरा फिरवला, तर दिंडीतले शेकडो चेहरे, पाण्याच्या टँकरवरची कंपनीची नावे, स्वागत कमानीवरचे पुढाऱ्यांचे फोटो, सारे त्यात येते. व्यावसायिक वापरासाठी इतकी रिलीज गोळा करणे अशक्य असते आणि प्रत्येक फ्रेममधले नाव झाकत बसणे जवळजवळ तितकेच अवघड. संपादकीय क्लिपमध्ये ते सारे जसेच्या तसे राहू शकते. आवाज मात्र मी नेहमी काढून टाकतो, कारण ध्वनिक्षेपकावर वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित अभंगाचे हक्क दुसऱ्या कुणाचे असू शकतात.

एकसारख्या दहा फ्रेम पाठवल्या, तर दोन्हीकडे त्या परत येतात, त्यामुळे तिथे निवड करण्यासारखे काही नाही.

वारी, बाजार, जत्रा यांचे काम मी आता थेट संपादकीयमध्येच पाठवतो. रिलीजचे कोरे फॉर्म तरीही बॅगेत असतातच, आणि त्यांच्या तारखेच्या रकान्यात ‘महिना अक्षरांत’ असे मी घरूनच पेन्सिलीने लिहून नेतो.