नागपुरात मनाचा डॉक्टर शोधताना: पाटीवरची डिग्री आधी वाचा

रामदासपेठ-धंतोलीच्या गल्ल्यांत दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेलं की ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द हमखास भेटतो. घोळ असा की मराठीत तो गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरलाही लावतात आणि समुपदेशन करणाऱ्यालाही. म्हणून शब्द सोडा, नावापुढची अक्षरं वाचा. एमडी, डीएनबी किंवा डीपीएम (सायकियाट्री) असेल तर तो एमबीबीएस झालेला मनोविकारतज्ज्ञ. या दोघांपैकी औषध लिहिण्याचा अधिकार त्याचाच. एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजी असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक मागा. नुसतं ‘काउन्सेलर’ किंवा ‘थेरपिस्ट’ असेल तर शिक्षण कुठलं, ते तोंडावर विचारा. एमए सायकॉलॉजी करून चोख काम करणारे आहेत, तसे चार दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगून बसलेलेही आहेत. एवढ्या प्रश्नावर जो चिडेल, त्याच्याकडून उठून यावं.

आधी कोणाकडे? झोप पार उडालेली, भूक मेलेली, अंघोळ-कामधंदा सुटलेला, कोणी नसताना आवाज ऐकू येतात, दोन-तीन तासांच्या झोपेवर माणूस आठवडाभर सुसाट आहे आणि पैसे उधळतोय, किंवा जीव द्यावासा वाटतोय, तर थेट मनोविकारतज्ज्ञ. शेवटच्या प्रकारात त्याच दिवशी, रात्र असेल तर मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) कॅज्युअल्टीत. कामधाम चालू आहे पण नात्यातली कटकट, परीक्षेची धडकी, शोक, सतत स्वतःलाच दोष देणं असं असेल, तर थेरपीने सुरुवात करायला हरकत नाही. मधल्या केसेसना बहुतेक वेळा दोन्ही लागतात.

सरकारी सोयींत मेडिकल आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, मिहानला एम्स आहे. खर्चाच्या मानाने यांना तोड नाही. वेळेच्या बाबतीत मात्र गर्दीत डॉक्टरचा वेळ तुमच्या वाट्याला कमीच येणार, म्हणून एका कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून, गेल्या १४ दिवसांत रोज किती तास झोप झाली, आधी कोणत्या गोळ्या झाल्या (रिकामी पाकिटं सोबत ठेवा), घरात कोणाला असा आजार होता का. मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळातलं. त्याच्या नावालाच लोक बिचकतात, पण तिथे गेलं म्हणजे भरतीच करतात असं नाही, बाह्यरुग्ण विभागही आहे.

खासगीत पहिल्या भेटीला अर्धा-पाऊण तास मिळायला हवा. त्यात ‘कधी उलट, अति उत्साहाचे दिवस आले होते का?’ हा प्रश्न आला नाही तर खटकलं पाहिजे. बायपोलर (कधी नैराश्य, कधी अति उत्साह असा आजार) असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. थायरॉइडची तपासणी सांगणारा डॉक्टर पैसे काढत नाही, मंदावलेला थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. आणि पहिल्याच चिठ्ठीवर झोपेची गोळी महिनोन्‌महिन्यांसाठी असेल तर ती कधी बंद करायची, ते तिथेच विचारा. त्या गटातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या २ ते ४ आठवड्यांपुरत्याच बऱ्या.

औषध फसतं ते बहुधा पहिल्याच आठवड्यात. एसएसआरआय या नैराश्यावरच्या नेहमीच्या गटातल्या गोळ्यांनी सुरुवातीला मळमळ, पातळ शौच, अस्वस्थपणा येतो, आणि फायदा दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. चौथ्या-पाचव्या दिवशी पाकीट फेकणारे इथेच गळतात. दुसरी चूक बरं वाटल्यावरची. पहिल्या वेळच्या नैराश्यात बरं झाल्यावरही साधारण ६ ते ९ महिने गोळी चालते. एकदम तोडली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.

लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर नागपूरचा मे महिना वेगळाच मामला. पारा ४५च्या पुढे गेला, घाम वाहिला आणि पाणी-मीठ कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, उलटी-जुलाब, तोल जाणं, जीभ अडखळणं दिसलं तर पुढचा डोस न घेता लगेच डॉक्टर गाठा. डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यानेही पातळी चढते. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं. सकाळची गोळी गिळून लॅबमध्ये गेलं तर रिपोर्ट खोटाच वर दाखवतो.

थेरपीचा दर्जा तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत कळतो. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) असेल तर आठवड्याला एक, साधारण ५० मिनिटं, १२ ते २० बैठका, आणि घरी करायचा अभ्यास. चौथ्या बैठकीपर्यंत ध्येय ठरलं नसेल आणि ‘पॉझिटिव्ह विचार करा’ एवढंच मिळत असेल, तर ती गप्पांची फी आहे. ओसीडीत (नको ते विचार परत परत येतात आणि हात धुण्यासारखी कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, तो आजार) फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. जाणकार थेरपिस्ट दाराच्या कडीला हात लावायला सांगतो, हात धुऊ देत नाही, भीतीला ० ते १०० मधला आकडा द्यायला लावतो आणि तुम्ही ती सोसत असताना सोबत बसून राहतो. कच्चा थेरपिस्ट ‘काही घाण नाहीये हो’ म्हणून दर वेळी धीर देतो, आणि आजाराला तेच हवं असतं. आई-वडिलांना खोलीत बसवून सज्ञान मुलाची बैठक घेणाराही नको.

सगळ्यात कच्चा दुवा मात्र दोघांच्या मधला. डॉक्टरला थेरपीत काय चाललंय ते माहीत नसतं, थेरपिस्टला डोस वाढल्याचं कळत नाही. हा निरोप्या तुम्हालाच व्हावं लागतं. प्रत्येक बदललेल्या चिठ्ठीचा फोटो थेरपिस्टला दाखवा, आणि त्याच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी डॉक्टरसाठी मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपली वैद्यकीय कागदपत्रं मागायचा हक्क रुग्णाला आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं. पण पॉलिसीत ओपीडीचा भाग नसेल तर थेरपीचं बिल खिशातूनच जातं, तेव्हा एजंटला नेमकं हेच विचारा. अपॉइंटमेंट आठवड्यानंतरची मिळाली आणि तोवर निभत नसेल, तर टेली-मानस या सरकारी फोन-सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर २४ तास चालतो. मराठी निवडता येते.