लाइट-फ्रंटवर हॅमिल्टोनियन: काही महिने वापरल्यानंतर

गेले काही महिने स्केलर फील्डची (प्रत्येक बिंदूला एकच संख्या, तिचं नाव फाय) हॅमिल्टोनियन गणितं, म्हणजे ऊर्जेवरून पुढची वाटचाल काढणारी, मी ठरावीक क्षणाच्या पृष्ठाऐवजी लाइट-फ्रंटवर, म्हणजे प्रकाशाच्या सपाट लाटेचा माथा व्यापतो त्या पृष्ठावर, मांडतोय. टी (नेहमीचा काळ) आणि झेड (एक अवकाश-दिशा) यांची बेरीज भागिले वर्गमूळ दोन, हा इथला काळ (एक्स-प्लस). वजाबाकीतून येतो तो एक्स-मायनस, म्हणजे जागा. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकची १९४९ ची कल्पना. फायद्यांबद्दल जे ऐकलं होतं ते खरं निघालं. पॉइनकारेच्या दहा जनरेटरांपैकी (सरकवणं, फिरवणं, वेग देणं या अवकाश-काळाच्या सममिती घडवणाऱ्या राशी) सातांना आंतरक्रियेचा स्पर्श होत नाही, नेहमीच्या पद्धतीत सहांनाच. ऊर्जेच्या सूत्रातलं वर्गमूळ जातं, हे सुख तर रोजचं.

सवय मोडते ती संवेगाशी. लॅग्रान्जियन (ज्यातून गतीची समीकरणं निघतात ते सूत्र) वेगात, म्हणजे फायच्या एक्स-प्लसमधल्या डेरिव्हेटिव्हमध्ये, एकघाती, त्यामुळे संवेग म्हणजे फायचं एक्स-मायनसमधलं डेरिव्हेटिव्ह; वेगाचा पत्ताच नाही. प्रत्येक बिंदूवर सेकंड क्लास बंधन (आपसांतला ब्रॅकेट शून्य नसलेलं). डिरॅक ब्रॅकेट (दोन राशींमधलं हॅमिल्टोनियन नातं, बंधनं हिशेबात धरून) काढला की एकाच फ्रंटवरच्या दोन फायचा ब्रॅकेट शून्य नसतो: एक्स-मायनसमधल्या फरकाच्या चिन्हाला उणे एक-चतुर्थांशाने गुणायचं. ही लांबण नको असेल तर फडीव आणि जॅकिव यांची १९८८ ची रीत घ्या, तेच उत्तर झटकन मिळतं.

खरी कसोटी झीरो मोडची, म्हणजे फील्डच्या एक्स-मायनसभर सारख्या राहणाऱ्या भागाची. कोडमध्ये फील्ड पुढे सरकवायचं तर फूरियरमध्ये (फील्ड लाटांत फोडून) के ने, म्हणजे एक्स-मायनसमधल्या लाट-संख्येने, भागावं लागतं, आणि के शून्य असतो तिथे गाडी अडते. आवर्ती पेटीत समीकरणाची सरासरी घ्या: डेरिव्हेटिव्हवाली पदं गळतात, उरतं एवढंच की पोटेन्शियलच्या उताराची सरासरी शून्य. म्हणजे झीरो मोड स्वतंत्र नाहीच, बाकीचे मोड त्याला ठरवतात. मस्कावा आणि यामावाकी यांनी १९७६ मध्ये हेच बंधन मांडलं. फाय-फोरमध्ये (पोटेन्शियलमध्ये फायचा चौथा घात) ते घन समीकरण होतं. वस्तुमानाचा वर्ग ऋण असेल तर तीन मुळं निघू शकतात, आणि फाय व उणे फाय यांमधली सिमेट्री तुटण्याची सगळी गोष्ट तिथे दडलेली असते. झीरो मोड बिनदिक्कत शून्य धरणारे नेमकी तीच फेकून देतात!

एका अवकाश-मितीतल्या वस्तुमानरहित फील्डसाठी मात्र एकट्या फ्रंटवर विसंबू नका. उत्तर दोन उलट्या लाटांची बेरीज, त्यातली एक फ्रंटच्या कडेकडेनेच धावते, त्याला ओलांडतच नाही. टोलनाक्याला बगल देणारा ट्रक पावत्यांत कुठून दिसणार? तिथे एकमेकांना छेदणाऱ्या दोन्ही फ्रंटवर डेटा द्यावा लागतो, मग हॅमिल्टोनियनही दोन.

वस्तुमान असेल तर पाचपैकी चार तारे. नसेल तर दोन, तेही वर्गमूळ गेल्याच्या आनंदात.