जांभ्याचा सडा: फोटोवरून की हाताने?

गेममधली जमीन रंगवायला घेतली की पहिल्या आठवड्यातच ठरवावं लागतं: टेक्स्चर, म्हणजे जमिनीवर फरशीसारखं पुन्हा पुन्हा पसरायचं चित्र, फोटोवरून करायचं की हाताने रंगवायचं? गेम बनवायच्या इंजिनातला ब्रश दोन्हीकडे सारखाच फिरतो. स्प्लॅट मॅपच्या, म्हणजे कुठे कोणतं टेक्स्चर किती दिसेल हे सांगणाऱ्या नकाशाच्या, लाल, हिरव्या, निळ्या आणि अल्फा या चार चॅनेलांत चार टेक्स्चरांचं प्रमाण साठवलं जातं, आणि ती टेक्स्चरं आली कुठून याचं इंजिनाला सोयरसुतक नसतं.

मी फोटोने सुरुवात केली. राहायला गोव्यातल्या पेडण्यात, घरामागे सडा, म्हणजे जांभ्याच्या लाल, भोकाभोकांच्या दगडाचं उघडं पठार, मग दुसरीकडे कशाला जायचं? एप्रिलमध्ये मोबाईल घेऊन ओणवा झालो, तर वाटेने जाणारे एक काका "कितें सांडलें रे?" म्हणत माझ्याबरोबर जमीन धुंडाळू लागले. जिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये ऑफसेट देऊन, म्हणजे चित्र सरकवून, कडा जुळवल्या आणि तासाभरात टेक्स्चर तयार. हात न बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी खरी वाटणारी जमीन मिळते, हे कबूल करायलाच हवं.

माझं बिनसलं ते सावलीवरून. फोटो संध्याकाळचा, त्यामुळे जांभ्याच्या प्रत्येक भोकात एका बाजूला काळोख बसलेला. गेममधला सूर्य मी सकाळचा ठेवला, म्हणजे नेमका समोरच्या बाजूला. झालं! भोकं आत जायच्या ऐवजी बाहेर आली. खळगा की उंचवटा हे डोळा उजेडाच्या दिशेवरून ताडतो. दिशा फिरली की अर्थही फिरतो. सड्याला गोवर उठल्यासारखं दिसत होतं.

यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे: आभाळ भरलेलं असताना फोटो काढा, सावलीच पडणार नाही. पण आपल्याकडे आभाळ भरतं ते पावसाळ्यात, आणि तेव्हा जांभा भिजून काळपट झालेला असतो, वर शेवाळ. कोरडा तांबूस सडा हवा तर कडक ऊन घ्या, मऊ उजेड हवा तर ओला दगड घ्या. आईची काळी छत्री धरूनही पाहिलं. भोकं शांत झाली, पण छत्रीची सावली जेमतेम हातभर, आणि तेवढा तुकडा मैदानभर पसरला की तोच तो खडा पावलापावलावर भेटतो. सूर्य उगवायच्या आधी जाऊन जमवणारे असतील. मला उठवलं नाही.

म्हणून हाताने रंगवायला क्रिटा हा चित्रकलेचा प्रोग्रॅम उघडला. डब्ल्यू दाबलं की कॅनव्हास चारी बाजूंनी स्वतःलाच जोडला जातो, त्यामुळे कडा जुळवायचं कामच उरत नाही. माझा पहिला जांभा सोलकढीत बुडवलेल्या पावासारखा दिसत होता, हे लपवत नाही. दुसरा महिना लागला तेव्हा कुठे कळलं की आधी तीनच छटा घ्यायच्या, भोकं लहानमोठी आणि विरळ ठेवायची, आणि एका बाजूची सावली रंगवायचीच नाही; भोकाचा तळ सगळीकडून सारखा गडद केला की पुरे. त्यानंतर सूर्य कुठेही फिरवा, भोक भोकच राहतं.

हाताने रंगवलेलं ५१२ पिक्सेल बाजूच्या चौकोनातही खपून जातं, फोटोला मी २०४८ घेत होतो. कॉम्प्रेस न केलेल्या चार चॅनेलांच्या हिशेबाने हे १ एमबी विरुद्ध १६ एमबी. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पंख्याला हा फरक बरोबर कळतो. शिवाय सडा उतरून खाली गवत लागतं तिथला सांधा एकाच हातचा असल्याने डोळ्यात खुपत नाही. वेगवेगळ्या दिवशीच्या फोटोंचे लाल-पिवळे मात्र एकमेकांशी भांडत बसतात.

तुम्हाला अगदी वास्तवदर्शी गेम करायचा असेल, किंवा महिन्याभरात काहीतरी दाखवायचं असेल, तर फोटोच बरा असं म्हणेन. तरी एक जमीन हाताने रंगवून बघा, आणि तीही जांभ्याचीच.

खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या, चिखलाला मी अजून फोटोच वापरतो. तो पाणी ओसरल्यावर असा सपाट पसरलेला असतो की सावलीला बसायला जागाच मिळत नाही.